दोन वर्षांचा मार्को पोलो आणि अडलेला फर्मा

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मराठी दिवाळी अंकातलं आहे. अंक पुण्याचा, छोटा, जाहिरातींवर कसाबसा तरणारा. नावं कुणाचीच देत नाही. मी त्या अंकाला संपादनात मदत करतो. म्हणजे लेखकांच्या मागे लागणं, प्रुफं फिरवणं आणि संपादकबाई ज्याला ‘नाही’ म्हणतात त्याला ते गोड भाषेत कळवणं.

त्या वर्षी एका विभागाचा विषय होता ‘गुप्त मंडळी’. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका तरुण लेखकाचा लेख आला, ‘मारेकऱ्यांचा पंथ’. इराणमधला अलमूतचा किल्ला, तिथला म्होरक्या हसन-ए-सब्बाह, त्याचे फिदाई, नशा पाजून स्वर्गासारख्या बागेत नेलेली पोरं, हुकमासरशी तटावरून मारलेल्या उड्या, मनगटात दडवलेलं पातं. आणि शेवटी पंथाचं ब्रीद: ‘काहीही सत्य नाही, सगळ्याला मुभा आहे.’ मी लेख एका बैठकीत वाचला. बाईंनी बसमध्ये वाचला आणि त्यांचा थांबा चुकला. त्याच दुपारी त्या म्हणाल्या, “हा विभागाचा पहिला लेख. रंगीत फर्म्यात घे.” फर्मा म्हणजे एकत्र छापायची सोळा पानं.

मी तेवढ्याच उत्साहात चित्रकाराला फोन केला. दोन पानी रंगीत चित्र, मध्ये बाग, मागे किल्ला. त्याने पंधरा दिवसांत काढूनही दिलं. हा आमचा पहिला निर्णय होता आणि तो निर्णय आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. लेख तपासायच्या आधी चित्र सांगितलं की लेख चित्राचा ओलीस होतो, हे आता कळतं.

अडचण कुठे सुरू झाली

आमचे मुद्रितशोधक साठी उलटलेले आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. ऱ्हस्वदीर्घ पाहणं एवढंच त्यांचं काम, मानधनही तेवढ्याचंच. दुसऱ्या प्रुफाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने दोन शंका लिहिल्या होत्या.

पहिली: ‘हसन हा दाई होता. पुरुष दाई कसा?’

ती सोपी होती. हसनच्या इस्माइली पंथात, म्हणजे शिया मुसलमानांच्या एका शाखेत, धर्मप्रचारकाला दाई म्हणतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र बाळंतपण येणार. शब्द बदलून ‘प्रचारक’ केला.

दुसरी: ‘अलमूत मंगोलांनी घेतला १२५६. मार्को पोलोचा जन्म १२५४. लेखात “पोलोने ही बाग प्रत्यक्ष पाहिली” असं आहे. दोन वर्षांचं पोर बागेत काय करत होतं?’

सप्टेंबरचा मध्य होता. रंगीत फर्मा सगळ्यांत आधी छापायला जातो आणि मुद्रकाने शुक्रवार दिला होता. मी काकांना म्हटलं, ‘प्रत्यक्ष पाहिली’ काढून ‘ऐकली’ करू, भागलं. काका चष्मा पुसत म्हणाले, “हे भागेल. पण ज्याने हे लिहिलंय त्याने बाकीचंही असंच लिहिलं असेल ना?”

तपास: कोणतं वाक्य कुठलं

लेखकाला ऑफिसात बोलावलं. पोरगा सरळ होता, हे आधी सांगतो. चार रंगांची पेनं घेऊन आम्ही लेख वाक्यावाक्याने चाळला. मी विचारायचं, “हे कुठून घेतलंस?” आणि तो सांगायचा. मनगटातलं पातं? “गेममधलं, सर.” पातं नीट चालावं म्हणून अनामिका छाटणं? “गेम.” निरपराधाला हात लावायचा नाही हा नियम? “तोही गेममधलाच.” गेम म्हणजे २००७ साली आलेला ‘असॅसिन्स क्रीड’. त्याला वाटत होतं की गेमवाल्यांनी हे इतिहासातून उचललं असणार, कारण बाकी बरंच उचललेलं त्याला दिसत होतं. सीरियातला मस्याफचा किल्ला खरा आहे. तिथला म्होरक्या रशीदुद्दीन सिनान खरा. ११९१ साल आणि तिसरं धर्मयुद्धही खरं. भिंत दगडी असली की तिच्यावरचा रंगही जुनाच वाटतो. खरं तर गेम सुरू होतानाच पडद्यावर पाटी येते की ही कल्पित कलाकृती आहे. पण अशा पाट्या कोण वाचतं? आपण चित्रपटाआधीची तंबाखूची सूचना वाचतो तितपतच.

गेमची वाक्यं लाल झाली. खरी गुंतागुंत उरलेल्यांत होती. ती गेमच्या आधीचीच होती, काही तर आठशे वर्षं जुनी, पण म्हणून खरी होती असं नाही. एखादी गोष्ट जुनी असणं आणि ती घडलेली असणं यांतला फरक आम्हाला त्या दोन दिवसांत पुन्हा शिकावा लागला. त्या धाग्यांचा माग असा लागला.

११७५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा वकील बुरखार्ड सीरियाकडे गेला होता. त्याच्या वृत्तांतात या पंथाच्या पहाडी सरदाराने वाड्यात वाढवलेली, आज्ञेपलीकडे काही न जाणणारी मुलं आहेत, हातात सोन्याचा खंजीरही आहे. बाग नाही, नशा नाही. त्याच सुमाराचा धर्मयुद्धांचा इतिहासकार, टायरचा विल्यम, सरळ सांगतो की या लोकांना ‘असॅसिन’ हे नाव कशावरून पडलं ते आपल्याला माहीत नाही. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ल्युबेकच्या अर्नोल्डच्या बखरीत पेय येतं, ते पाजून दाखवलेली स्वप्नं येतात. आणि १२९८ च्या सुमारास जेनोआच्या तुरुंगात मार्को पोलो आपल्या प्रवासाच्या गोष्टी रुस्तिचेल्लोला सांगतो, तेव्हा बाग पूर्ण फुललेली असते: दूध-मधाचे पाट, सुंदर मुली, सगळं. रुस्तिचेल्लो पेशाने अद्‌भुत कथा लिहिणारा. आमच्या चित्रकाराने काढली ती बाग इथली. पोलो त्या मुलखातून गेला तोवर किल्ला पडून पंधराएक वर्षं झाली होती.

नावाचा घोळ वेगळा. बाराव्या शतकात विरोधक या लोकांना ‘हशीशी’ म्हणून हिणवत. आपल्याकडे ‘गंजेडी’ म्हणतात तशी ती शिवी होती. १८०९ मध्ये पॅरिसच्या सिल्व्हेस्त्र द सासी या पंडिताने ‘असॅसिन’ (मारेकरी) या शब्दाची व्युत्पत्ती तिथपर्यंत नेली. व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे. पण वाचणाऱ्यांनी शिवीलाच साक्षीदार करून टाकलं. १८१८ मध्ये योसेफ फॉन हामर या ऑस्ट्रियन पंडिताने या पंथाचा इतिहास लिहिला. युरोपला तेव्हा गुप्त मंडळ्यांच्या भयाने पछाडलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीमागेही कुणीतरी फ्रीमेसन बसलेले लोकांना दिसत होते. त्याच डोळ्यांनी त्याने अलमूतकडे पाहिलं. आज आपण ज्याला ‘गुप्त मारेकरी संघटना’ म्हणतो, पायऱ्या, दीक्षा, वरच्यांना ठाऊक असलेलं आणि खालच्यांपासून लपवलेलं गुपित, तो साचा बऱ्याच अंशी तिथून पक्का झाला.

आणि ते ब्रीद! लेखकाच्या सगळ्यांत लाडक्या परिच्छेदात हसन मृत्युशय्येवर ते पुटपुटतो. हे शब्द सर्वदूर नेऊन पोचवले जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने, १८८७ मध्ये, या पंथाच्या वरच्या पायरीवरच्यांचं गुपित म्हणून. १९३८ मध्ये स्लोव्हेन लेखक व्लादिमीर बार्तोल यांनी आपल्या कादंबरीत तेच सूत्र वापरलं. युरोपात हुकूमशहा माजले होते तो काळ. गेम रचणाऱ्यांनी त्या कादंबरीतून बरंच घेतलं. म्हणजे हसनच्या तोंडी घातलेलं वाक्य तो गेल्यावर काही शतकांनी जन्मलेलं होतं.

मग खरा हसन उरतो किती? उरतो तो मला बागेपेक्षा जास्त विलक्षण वाटला. १०९० मध्ये त्याने अलमूत घेतला तो वेढा न घालता. आपली माणसं आधी आत पेरली, मग किल्लेदाराला बाहेर काढलं आणि वर तीन हजार सुवर्ण दिनारांची हुंडी लिहून दिली. ती पुढे वटलीही. मग चौतीस वर्षं, ११२४ मध्ये मरेपर्यंत, तो तिथून खाली उतरला नाही. बखरी म्हणतात की त्या काळात तो घराबाहेर फक्त दोनदा पडला, तेही गच्चीवर. एका मुलाला दारू पिण्यावरून आणि दुसऱ्याला खुनाच्या आरोपावरून त्याने मृत्युदंड दिला, बासरी वाजवली म्हणून एकाला गडाखाली हाकललं. असा माणूस पोरांना नशा पाजून बागेत नेईल का? मंगोलांबरोबर १२५६ मध्ये किल्ल्यात शिरलेला इतिहासकार जुवैनी या पंथाचा कट्टर वैरी. त्याने तिथलं ग्रंथालय चाळलं, कुराणाच्या प्रती आणि ग्रहगणिताची उपकरणं बाजूला काढली, पाखंडी ठरवलेले ग्रंथ जाळले. खडकात कोरलेली कोठारं त्याने कौतुकाने वर्णिली आहेत. मधाच्या टाक्यात उतरलेला एक जण खोलीचा अंदाज न आल्याने बुडाला हेही नोंदवलं आहे. पण बागेबद्दल, हशीशबद्दल एक अक्षर नाही. वैऱ्याच्या हाती असं कोलीत सापडलं असतं तर तो सोडणार होता?

खून मात्र झाले, यात शंका नाही. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजामुल्मुल्क १०९२ मध्ये पडला. टायरमध्ये धर्मयुद्धातला सरदार माँफेराचा कॉनराड ११९२ मध्ये, साधूच्या वेषातल्या दोघांकडून. पण यांतले बरेच खून भरदिवसा, लोकांदेखत, कधी शुक्रवारच्या नमाजाला मशिदीत झाले आणि मारणारा बहुधा पळायचा विचारही करत नसे. दडलेलं पातं आणि गच्चीवरून पसार होणारी सावली याच्या नेमकं उलट.

लेखक हे ऐकून गप्प झाला होता. मग काका मध्येच म्हणाले, “फिदाई म्हणजे जीव ओवाळून टाकलेला. आपण एखादीवर फिदा होतो ना, तोच शब्द.” पोरगा पहिल्यांदा हसला.

दुसरी अडचण, जी समासात नव्हती

लेखाचं शेवटचं वाक्य होतं: ‘अशा रीतीने हा पंथ जगाच्या पाठीवरून नामशेष झाला.’ त्यावर कुणाचंच बोट पडलं नाही, काकांचंही. गुरुवारी संध्याकाळी मी ते सहज मुंबईतल्या एका जुन्या मित्राला वाचून दाखवलं. तो खोजा, इस्माइली. तो म्हणाला, “नामशेष? मग मी कोण?”

अलमूतवाल्यांची शाखा म्हणजे निजारी इस्माइली. ते आज जगभर आहेत आणि आगाखान त्यांचे इमाम. पहिले आगाखान इराणमधून येऊन शेवटी मुंबईत स्थिरावले. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा जमातीच्या मालमत्तेवरून त्यांच्यावर दावा चालला आणि न्यायमूर्ती आर्नूल्ड यांच्यापुढे थेट अलमूतचा इतिहास उगाळला गेला. निकाल आगाखानांच्या बाजूने लागला. म्हणजे जी गोष्ट आम्ही दूरची, मेलेली, मजेची म्हणून छापत होतो ती आपल्या उच्च न्यायालयात पुरावा म्हणून येऊन गेली होती. आणि आमचा मुद्रक रोज नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेससमोरच्या कोंडीत अर्धा तास उभा असतो.

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी सकाळी बाई, काका, मी आणि फोनवर लेखक असे बसलो.

लेख जसाच्या तसा ठेवून वर ‘ललित’ असं लिहावं, ही माझी सूचना. ती आळसातून आली होती हे कबूल करतो. बाईंनी एका वाक्यात निकालात काढली: “ललित म्हटलं की ‘१०९० साली’ खोटं होत नाही आणि ‘नामशेष’ खरं होत नाही.”

लेख काढून टाकावा, हे काकांचं मत. रास्त होतं. पण सोळा पानांच्या फर्म्यात दहा पानांचं भगदाड पडलं असतं, चित्राचे पैसे गेले असते, आणि पोरगा पुन्हा लिहायला बसला नसता. शेवटचं कारण बाईंना सगळ्यांत जड वाटलं.

सगळी दंतकथा गाळून शुद्ध इतिहास लिहावा, हा लेखकाचा स्वतःचा आग्रह. शरमेपोटी होता. दोन दिवसांत तो लिहू शकला नसता, आणि खरं सांगायचं तर विभागाचा विषय गुप्त मंडळी होता, इस्माइली धर्मेतिहास नव्हे.

चौथा पर्याय कुणाचा म्हणावा? चार रंगांनी भरलेले कागद टेबलावर पसरले होते. बाई ते उलटसुलट करत म्हणाल्या, “अरे, लेख हाच आहे की! ही मंडळी कधी अस्तित्वात होती ते नको सांगूस. ती रचली कशी गेली ते सांग.”

काय केलं

लेखकाने तीन रात्री जागून लेख उलटा केला. सुरुवात गेमच्या पडद्यावर. तिथून बार्तोल, नीत्शे, हामर, पोलो, अर्नोल्ड असा एकेक जिना उतरत शेवटी अलमूतच्या उघड्या कड्यावर. हसन सगळ्यांत शेवटी आला आणि कमी बोलला. पहिल्या खर्ड्यातली त्याची ऐटबाज वाक्यं बरीच टिकली, फक्त ती ज्याची त्याच्या नावावर चढली. मृत्युशय्येचा परिच्छेद गेला. तो कापताना त्याने फोनवर दोनदा विचारलं, “पूर्ण काढू, सर?” मी दोनदा ‘हो’ म्हटलं. दुसऱ्यांदा जरा कमी ठामपणे.

अरबी-फारसी लिपीत अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला एक संख्या असते. ‘आलूह-अमूत’ हे किल्ल्याच्या नावाचं जुनं रूप त्या हिशेबाने मोजायचं: १, ३०, ५, मग १, ४०, ६, ४००. बेरीज ४८३, आणि हसनने किल्ला घेतला तेच हिजरी साल. हा योगायोग बखरकारांनीच टिपलेला आहे. मी सुचवलं, ही एक चौकट टाकू. लेखक खूश झाला. कुठे तरी गूढ हवंच होतं त्याला, आणि हे निदान खोटं नव्हतं.

चित्र तसंच ठेवलं. खाली ओळ दिली: ‘मार्को पोलोने ऐकलेली बाग’. चित्रकार दोन दिवस रुसला होता, ओळ वाचून म्हणाला, “हे तर जास्त बरं आहे.” शेवटच्या ‘नामशेष’च्या जागी १८६६ चा दावा आला. मुद्रकाने पाळी चुकली म्हणून रंगीत फर्मा चार दिवस पुढे ढकलला, वरचा खर्च आमच्या माथी मारला, आणि अंक वितरकाकडे उशिरा गेला.

परिणाम

पत्रं आली. एका वाचकाने लिहिलं की तुम्ही गोष्टीची मजा घालवलीत. दुसऱ्या एकाने हा लेख मुलाला वाचायला दिला आणि मुलाने गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला, आता थांबून थांबून. पहिल्या पत्राने लेखक आठवडाभर खट्टू होता.

मुंबईच्या मित्राला अंक पाठवला. त्याने लेख नीट वाचून फोन केला. लेख आवडला, १८६६ आल्याचं समाधान वाटलं. मग म्हणाला, “पण मथळा ‘मारेकऱ्यांचा पंथ’च राहिला की रे.”

राहिला होता. आत सगळं उलटंपालटं करताना मथळ्याला कुणी हातच लावला नव्हता, कारण तो अनुक्रमणिकेत आणि मुखपृष्ठावर आधीच गेला होता.

आता वेगळं काय करू

चित्र शेवटी सांगू. आणि आलेल्या लेखात प्रत्येक ठाम विधानाशेजारी ‘हे आधी कुणी म्हटलं, कधी’ एवढं समासात लिहून मागू. ‘खरं आहे का?’ असं विचारलं की लेखक ‘हो’ म्हणतो. ‘कुणी म्हटलं?’ विचारलं की तो शोधायला लागतो. हे आम्ही पुढच्या वर्षापासून सुरू केलं, निम्मे लेखक वैतागतात.

मथळ्यावरून बाईंचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. त्या म्हणतात, अवतरणचिन्हात घातला असता तर पुरलं असतं. मला वाटतं, जिवंत लोकांच्या पूर्वजांना असं हाक मारताना अवतरणचिन्ह फार पातळ पडतं. त्या म्हणतात, मग वाचक पान उघडणार कसं? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक. त्याच अंकात कवितेच्या विभागात उमर खय्यामवर एक छोटी टिपणवजा चौकट होती. तीत लिहिलं होतं की खय्याम, निजामुल्मुल्क आणि हसन हे तिघे एकाच गुरूकडे शिकणारे वर्गमित्र. गोष्ट सुरेख आहे, जुनीही आहे. पण निजामुल्मुल्क जन्मला १०१८ मध्ये, खय्याम १०४८ मध्ये. वर्गमित्रांत तीस वर्षांचं अंतर. आम्ही तिकडे दहा पानांवर चार रंग फासत होतो आणि इकडे ही चौकट पहिल्या प्रुफातच मंजूर होऊन बसली होती. काकांनी तीत एक वेलांटी सुधारली होती. डिसेंबरात नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर फक्त दोन जन्मसालं आणि एक वजाबाकी. काकांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.